सलग शर्करामापन आणि प्रमेहचिकित्सा : चौदा दिवसांच्या आलेखाचे वाचन

प्रमेहाच्या रुग्णाची चिकित्सा करणाऱ्या आपणा सर्वांच्या टेबलावर दररोज दोन आकडे येतात. एक उपाशीपोटीच्या रक्तशर्करेचा आणि दुसरा जेवणानंतरच्या दोन तासांचा. तीन महिन्यांनी त्यांत एचबीएवनसीची भर पडते. या तीन आकड्यांवर आपण क्वाथाची मात्रा ठरवतो, पथ्य सैल करतो अथवा आवळतो आणि ‘साखर आटोक्यात आहे’ असे रुग्णाला सांगून मोकळे होतो. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत त्या शरीरात काय घडले, याविषयी मात्र केसपेपरवर एक अक्षरही नसते. प्रस्तुत लेखाचा विषय हा न लिहिलेला भाग आहे. त्याची जाणीव मला एका रुग्णामुळे झाली आणि त्या जाणिवेत माझी चूकही सामील आहे. वैद्यबंधूंना तिचा उपयोग व्हावा म्हणून ती येथे नोंदवीत आहे.

आचार्यांनी प्रमेहाचे निदान प्रामुख्याने मूत्रावरून केले. मूत्राचा वर्ण, गंध, स्पर्श, गढूळपणा आणि प्रमाण यांवरून कफज दहा, पित्तज सहा व वातज चार असे वीस भेद सांगितले. चरकसंहितेच्या निदानस्थानातील चौथ्या अध्यायात, शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या धाव घेतात हे लक्षण पूर्वरूपांत गणले आहे. साधन जे उपलब्ध होते त्याचा त्यांनी पूर्ण उपयोग केला. आज उपलब्ध असलेले साधन परकीय आहे म्हणून बाजूला ठेवणे हे त्यांच्या पद्धतीशी सुसंगत नाही. त्याच वेळी, नव्या यंत्रात जे दिसते ते सारे संहितेत आधीच होते, असे सांगण्याचा जो उत्साह आपल्या काही व्याख्यानांत आढळतो, तोही मला मान्य नाही. रात्री तीन वाजताची रक्तशर्करा कोणत्याही आचार्याला ठाऊक नव्हती. ती आपल्याला कळू शकते, एवढाच फरक आहे.

यंत्राविषयी थोडेसे

सी.जी.एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सलग शर्करामापनात दंडाच्या मागील बाजूस, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, एक चकती चिकटवतात. तिच्या मध्यातून केसासारखा बारीक तंतू सुमारे अर्धा सेंटिमीटर त्वचेखाली जातो. या तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असते. ग्लुकोजशी त्याची क्रिया होऊन जो सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, त्यावरून शर्करेचा आकडा काढला जातो. मूळ कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील लेलँड क्लार्क व लायन्स यांनी १९६२ साली एन्झाइमच्या इलेक्ट्रोडची मांडणी केली. प्रत्यक्ष रुग्णाच्या अंगावर काही दिवस राहणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. भारतात चौदा दिवस चालणारा, चिकित्सकाने वाचण्याचा प्रकार २०१५ पासून मिळू लागला. या प्रकारात रुग्णाला स्वतःला आकडे दिसत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसाला ९६ आणि चौदा दिवसांत १,३४४ नोंदी चकतीत साठतात व चिकित्सक त्या आपल्याकडील वाचकयंत्राने उतरवून घेतो. स्मार्टफोन नसलेल्या शेतकरी रुग्णाला हा प्रकार सोयीचा पडतो. दुसऱ्या प्रकारात रुग्ण स्वतः मोबाईलवर आकडा पाहू शकतो, आणि काही नव्या सेन्सरांत शर्करा खाली गेली की इशाऱ्याचा आवाज होतो.

एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी. हे यंत्र रक्तातील शर्करा मोजत नाही, तर त्वचेखालील पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातील शर्करा मोजते. रक्तात झालेला बदल तेथे पोहोचण्यास साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. शर्करा झपाट्याने चढत वा उतरत असताना बोटाच्या रक्ताचा आकडा आणि सेन्सरचा आकडा जुळत नाही, याचे हे कारण आहे. त्यात यंत्र बिघडले असे समजू नये.

आलेख वाचण्याचे निकष २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने निश्चित केले. सर्वसाधारण रुग्णात चोवीस तासांपैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ शर्करा ७० ते १८० मि.ग्रॅ. या दरम्यान असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी वेळ जावा. वृद्ध वा धोक्याच्या स्थितीतील रुग्णात मात्र कसोटी उलट्या बाजूने कडक होते. मर्यादेत राहण्याचा वेळ ५० टक्के असला तरी चालतो, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून अधिक वेळ जाता कामा नये. गर्भिणीसाठी मर्यादा ६३ ते १४० अशी आहे. हे आकडे पाठ असावेत, कारण छापील अहवालाच्या पहिल्याच पानावर ते येतात.

रुग्णवृत्त

उदगीर तालुक्यातील एक शेतकरी, वय ६४, प्रमेहाचा इतिहास नऊ वर्षांचा. देह कृश, पोट मात्र किंचित सुटलेले. लातूर येथील एका फिजिशियनकडून मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड दोन्ही वेळा जेवणापूर्वी चालू होते. माझ्याकडे दोन वर्षांपासून येत होते. मामज्जक घनवटी दोन वेळा आणि निशा-आमलकी चूर्ण अशी माझी योजना होती. एचबीएवनसी ८.४ वरून ६.६ पर्यंत आले होते आणि त्याचे श्रेय, खरे सांगायचे तर, मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतले होते. उपाशीपोटीची शर्करा मात्र नेहमी १४० ते १६० असे. त्यावर उपाय म्हणून मी रात्रीचे जेवण हलके करण्यास सांगितले होते. अर्धी भाकरी आणि भाजी, तेही साडेसातच्या आत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या पत्नी सोबत आल्या होत्या. जाता जाता त्या म्हणाल्या, “डाक्टरसाब, मालक रातच्याला पाण्याला गेले की बांधावरच बसून राहतेत. आवाज दिला तर ओ बी देत न्हाईत. थंडीत अंग घामानं भिजलेलं असतंय.” मामांनी हसून विषय झटकला. मी वयाचा व श्रमाचा विचार करून वातशमनासाठी अश्वगंधा चूर्ण दुधातून दिले. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या रुग्णाला थंडीत रात्री घाम येतो हे वाक्य कानावर पडूनही मी शर्करेचा विचार केला नाही, कारण कागदावरची शर्करा वाढलेली होती, कमी झालेली नव्हती.

सेन्सर लावला तो वेगळ्याच हेतूने. सकाळची शर्करा का चढते हे पाहावे, असे मुलाला वाटत होते. मुलगा शिक्षक आहे. त्या वेळी सेन्सरला सुमारे पाच हजार रुपये पडले, म्हणजे जवळजवळ एक क्विंटल सोयाबीन. १२ डिसेंबर २०२२ रोजी, सोमवारी, तो बसवला. सातव्या दिवशी त्यांना बोलावून मी नोंदी उतरवल्या. आलेख सुरेख होता. रात्री ११० ते १२० च्या दरम्यान सपाट रेषा, पहाटेपासून हळूहळू चढ, आणि गावाहून बस पकडून प्रयोगशाळेत रक्त देण्याच्या वेळेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, १५० च्या घरात. उपाशीपोटीच्या चढत्या आकड्याचे कोडे तेथेच सुटले. पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृतातून शर्करा सुटते. रुग्ण जितका उशिरा उपाशीपोटी रक्त देतो तितका हा चढ अधिक दिसतो. खेड्यातून येणाऱ्या आपल्या बहुतेक रुग्णांचा ‘उपाशीपोटी’चा आकडा हा असा असतो आणि त्यावर आपण रात्रीचे औषध वाढवत राहतो. मी मुलाला सांगितले, “फार छान आहे. काही बदल नको.”

चौदाव्या दिवशी पुन्हा नोंदी उतरवल्या. अहवालाच्या पहिल्या पानावर सरासरी १३९, मर्यादेत ७४ टक्के, १८० च्या वर २१ टक्के आणि ७० च्या खाली ५ टक्के. पाच टक्के हा आकडा डोळ्यांना लहान दिसतो. पण चौदा दिवसांचे तास ३३६ होतात आणि त्यांचे पाच टक्के म्हणजे जवळजवळ सतरा तास. त्या खालच्या चौदा दिवसांच्या एकत्रित आलेखात मधली रेषा रात्री तीन वाजताही १०० च्या आसपासच होती. फक्त तिच्याभोवतीचा फिकट पट्टा त्या वेळेला अकस्मात रुंद होऊन ५० च्याही खाली उतरला होता. मधल्या रेषेवर नजर ठेवून मी ते पान बाजूला ठेवणार होतो. पुढचे पान उलटले तेव्हा एकेका दिवसाचे आलेख समोर आले.

पहिल्या आठवड्यात एकही रात्र ७० च्या खाली नव्हती. दुसऱ्या आठवड्यातील सातपैकी सहा रात्री मध्यरात्रीनंतर रेषा उतरत गेली होती. प्रत्येक रात्री अडीच-तीन तास ती ७० च्या खाली होती आणि एका रात्री ४६ पर्यंत पोहोचली होती. औषध तेच, मात्रा तीच, जेवण तेच. मी मुलाला विचारले, या आठवड्यात काय वेगळे घडले? त्याला आठवेना. मामांनीच उत्तर दिले. लाईट रातची होती.

आपल्या भागातील वैद्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्यांच्या फिडरवर शेतीपंपांची थ्री-फेज वीज त्या हंगामात एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी आळीपाळीने येत होती. गव्हाला पाणी द्यायचे तर रात्री अकरा-बारा वाजता शेतात जाऊन मोटार चालू करायची, तुषार संचाचे पाईप उचलून एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात न्यायचे, दारे धरायची आणि पहाटे चारला घरी परतायचे. पोटात अर्धी भाकरी, रक्तात ग्लिमेपिराइड आणि अंगावर चार तासांचे कष्ट. स्नायू शर्करा खेचून घेत होते आणि औषध यकृताला ती भरून काढू देत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यातील सातवी रात्र, जी एकटीच निर्दोष होती, ती वेळा अमावास्येची. २३ डिसेंबरला सारे कुटुंब दिवसभर शेतात होते, पांडवांची पूजा झाली, वनभोजन झाले आणि त्या रात्री पाण्याला कोणी गेले नाही. इतका स्पष्ट पुरावा व्यवहारात क्वचितच हाती लागतो.

सेन्सरने दाखवलेली रात्रीची प्रत्येक घसरण खरी मानू नये, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्या दंडावर सेन्सर आहे त्या कुशीवर रुग्ण झोपला तर तेथील द्रवाचे वहन दबून आकडा एकाएकी ५०-६० वर येतो आणि कूस बदलताच पूर्ववत होतो. अशी खोटी घसरण कड्यासारखी सरळ असते. या रुग्णात रेषा दोन तासांत हळूहळू उतरली होती, घरी येऊन चहा-भाकरी घेतल्यावर चढली होती, घामाचे लक्षण जुळत होते, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी मामा झोपलेले नव्हते.

त्याच दिवशी मुलाला आलेखासह लातूरला पाठवले. फिजिशियनांनी संध्याकाळचे ग्लिमेपिराइड बंद केले. मी रात्रीची मामज्जक घनवटी थांबवली. त्या घसरणीत माझ्या औषधाचा वाटा किती, हे या आलेखावरून ठरत नाही. परंतु ‘आपले औषध सौम्य, त्याने काय होणार’ हे म्हणण्याचा अधिकारही मला उरला नव्हता. जे औषध शर्करा कमी करते असे आपण रुग्णाला सांगतो, ते दुसऱ्या शर्कराशामक औषधाबरोबर दिल्यास अधिक कमी करू शकते, हे मान्य करावेच लागते.

मोठी चूक आहाराची होती. प्रमेही दोन प्रकारचे, एक स्थूल व बलवान आणि दुसरा कृश व दुर्बल, आणि पहिल्याला संशोधन तर दुसऱ्याला बृंहण, हा चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलेला विवेक पदवीच्या परीक्षेत आपण सर्वांनी लिहिलेला आहे. मी कृश रुग्णाला रात्री लंघन दिले होते. यामागे एक अर्धवट समजलेले वाचनही होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाविषयी दीर्घकाळ संशोधन केले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व लंडनच्या जॉन युडकिन यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयात मेद लपलेला असतो, हा त्याचा बोध. त्यावरून, मामांचे सुटलेले पोट पाहून, मी त्यांना स्थूलाचे पथ्य लावले. मेद लपलेला असू शकतो हे खरे. परंतु रात्री पाईप उचलणाऱ्या माणसाचे स्नायू लपलेले नव्हते आणि त्यांना अन्न हवे होते.

रात्रीची भाकरी पुन्हा पूर्ण केली, सोबत वरण. रात्रपाळीच्या आठवड्यात निघण्यापूर्वी दूध व फुटाणे, सोबत कोणीतरी असणे आवश्यक, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. साखर न सांगता ग्लुकोज सांगण्याचे कारण असे की, व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्या रुग्णात साध्या साखरेचे पचन लांबते व गुण उशिरा येतो. मामांना ते औषध नव्हते, पण घरात एकच नियम असलेला बरा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा, हे पत्नी व मुलगा दोघांनाही सांगितले.

एप्रिल २०२३ मध्ये एचबीएवनसी ७.३ आले. मुलगा नाराज झाला. “सर, सहा पॉइंट सहाचे सात पॉइंट तीन झाले, म्हणजे बिघडलेच की.” त्याला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. एचबीएवनसी ही सरासरी आहे. जेवणानंतरचे २२० आणि रात्रीचे ५० मिळून जी सरासरी बनते ती सुंदर दिसते. ६.६ मध्ये त्या सहा रात्री मिळालेल्या होत्या. पत्नीला मात्र काही समजवावे लागले नाही. हिवाळ्याच्या उरलेल्या पाळ्यांत मालक बांधावर बसले नाहीत, एवढे त्यांनी सांगितले.

एचबीएवनसीविषयी आणखी एक मुद्दा ओघाने सांगतो. लोहक्षयजन्य पांडूत ते खोटे वाढलेले दिसू शकते आणि रक्तकणांचा नाश लवकर होत असेल तर खोटे कमी. आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो आणि बी-१२ ची न्यूनताही व्यापक आहे. मेटफॉर्मिनने ती वाढते. पांडू असलेल्या प्रमेही स्त्रीत बोटाचे आकडे व एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल, तर सेन्सरवर खर्च करण्याचे ते एक योग्य कारण आहे. प्रत्येक रुग्णाला सेन्सर लावावा असे माझे मत मुळीच नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड किंवा इन्शुलिन घेणारा, रात्री काम करणारा, वृद्ध, एकटा राहणारा, कारणाविना घाम-थरथर-भ्रम सांगणारा, अशांना प्राधान्य द्यावे. सेन्सर परवडत नसेल तर रात्री तीन वाजता ग्लुकोमीटरने घेतलेल्या चार-पाच नोंदींनीही पुष्कळ कळते. त्यासाठी घड्याळाचा गजर लागतो, पाच हजार रुपये नव्हे.

आलेखात दिसलेला आहार

पथ्यापथ्याच्या दृष्टीने हे साधन फार बोलके आहे. गेल्या तीन-चार वर्षांत माझ्याकडे जे थोडे आलेख जमले त्यांतून काही निरीक्षणे मांडतो. ही माझी निरीक्षणे आहेत, सिद्धांत नव्हेत.

ज्वारीची भाकरी निर्धोक, तिने साखर वाढत नाही, असा समज आपल्याकडे दृढ आहे आणि आपणही तो पसरवतो. भाकरी भातापेक्षा हळू चढते हे बहुतेकांत दिसले, परंतु तीन भाकऱ्या नुसत्या ठेच्याबरोबर खाणाऱ्याचा आलेख भात खाणाऱ्याहून फार वेगळा नव्हता. तीच भाकरी तुरीचे वरण किंवा पिठले आणि पालेभाजी यांसोबत, संख्येने कमी खाल्ली तर चढ निम्म्यावर आला. सर्वांत उंच टोके दिसली ती उपवासाच्या दिवशी. एकादशी-चतुर्थीच्या साबुदाण्याच्या खिचडीने २५० ओलांडलेले मी वारंवार पाहिले आहे. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, त्यामुळे यात नवल नाही. पण व्रत आणि पथ्य एकच आहे असे मानणाऱ्या रुग्णाला हा आलेख दाखवल्यावर जे समजते ते आपल्या दहा उपदेशांनी समजत नाही. बाजारच्या दिवशी तीन-चार वेळा घेतलेला साखरेचा चहा व टोस्ट हे दुसरे टोक. रुग्ण त्याला ‘खाणे’ समजतच नसल्याने सांगत नाही.

मामांच्या वेळा अमावास्येच्या आलेखाचे मला आश्चर्य वाटले. दिवसभर खाणे चालू असूनही दुपारची रेषा नेहमीपेक्षा फारशी वर गेली नव्हती. भज्जीतील कडधान्ये, शेंगा व पालेभाज्या, बाजरीचे उंडे, ताकातले आंबील, आणि मधूनमधून रानातून फिरणे. टोक आले ते संध्याकाळी गुळाच्या गव्हाच्या खिरीने, २३८ पर्यंत. नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ प्रमेहाच्या हेतूंत का गणले आहेत, याची आठवण अशा वेळी होते. जेवणानंतर वीस मिनिटे चालल्यास टोक बोथट होते हेही बहुतेक आलेखांत स्पष्ट दिसते. प्रमेह्याला चालायला लावण्याचा सुश्रुताचार्यांचा आग्रह आपण अलीकडे फक्त वजनासाठी वापरतो.

फसगतीच्या जागा

आपल्या औषधाचा गुण सेन्सरने सिद्ध करावा, असा मोह साहजिकपणे होतो. पहिला आठवडा औषधाविना, दुसरा औषधासह, आणि फरक मोजायचा. मामांचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मी नवे औषध सुरू केले असते, तर रात्रीची शर्करा निम्म्यावर आणणारा योग सापडला असे मी याच त्रैमासिकात लिहिले असते आणि ते श्रेय वस्तुतः विजेच्या वेळापत्रकाचे असते. आहार, श्रम, निद्रा व वेळा यांची नोंदवही सोबत नसेल तर आलेखावरून औषधाविषयी काहीही म्हणू नये. असली तरी एका रुग्णावरून म्हणू नये.

आमलकीविषयी विशेष दक्षता हवी. काही प्रचलित सेन्सरांत दिवसाला ५०० मि.ग्रॅ. हून अधिक ‘क’ जीवनसत्त्व घेतल्यास आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो, अशी सूचना उत्पादक देतात. चूर्णाच्या नेहमीच्या मात्रेत एवढे जात नाही. परंतु ताज्या आवळ्याचा रस मोठ्या मात्रेत, त्यावर ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या, असे घेणारे रुग्ण कमी नाहीत. यात आकडा वाढलेला दिसतो, म्हणजे खरी घसरण झाकली जाते. तेव्हा सेन्सरच्या पंधरवड्यात ताजा रस थांबवावा आणि संशय आल्यास बोटाच्या रक्तानेच निर्णय घ्यावा.

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांसाठी हे साधन मोलाचे ठरू शकते. शर्कराशामक औषध चालू असलेल्या रुग्णाला विरेचन देऊन पेयादी संसर्जनक्रमावर ठेवणे म्हणजे मामांची रात्र दिवसाढवळ्या घडवणे होय. त्या काळातील आधुनिक औषधांची मात्रा संबंधित फिजिशियनांशी बोलून आधीच ठरवावी. डापाग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे घेणाऱ्यांत धोका निराळा आहे. २०२० मध्ये त्याचे पेटंट संपल्यापासून हे औषध स्वस्त झाले असून खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. या रुग्णांत लंघनामुळे रक्त आम्ल होण्याची अवस्था, म्हणजे कीटोॲसिडोसिस, शर्करा फारशी न वाढताही येऊ शकते. सेन्सर शांत दिसेल आणि रुग्ण वांती, श्वास व ग्लानी यांनी गंभीर होईल. अशा वेळी आलेख बाजूला ठेवून कीटोन तपासावेत. बालवयात सुरू झालेल्या, इन्शुलिनवरच जगणाऱ्या रुग्णाचे इन्शुलिन कितीही सुंदर आलेख दिसला तरी बंद करू नये.

व्यवहारातील एक किरकोळ अडचण म्हणजे तेल. अभ्यंग झालेल्या दंडावर चकती टिकत नाही. सेन्सर बसवण्यापूर्वी दोन दिवस त्या दंडाचा अभ्यंग टाळावा आणि नंतर त्या भागावर स्वेदनही करू नये. एम.आर.आय. पूर्वी सेन्सर काढावा लागतो.

औषधविक्रेत्यांसाठी

केवळ आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीसाठी विक्री-परवाना लागत नाही, त्यामुळे आपल्या अनेक दुकानदारांचा समज असा आहे की सेन्सरही तसाच ठेवता येईल. तसे नाही. सेन्सर हे वैद्यकीय उपकरण आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार उपकरणांच्या विक्रीसाठी एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद आहे. आपल्या दुकानाची स्थिती काय, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. खोक्यावर साठवणीचे तापमान छापलेले असते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बंद दुकानातील उष्णता ते सहज ओलांडते. उष्णतेत राहिलेला सेन्सर बिनचूक आकडा देईल याची खात्री नसते आणि बाहेरून तो ओळखता येत नाही.

सेन्सरच्या आधी-नंतरच्या आलेखांची जाहिरात करून चूर्ण विकण्याची कल्पना एका फार्मसीचालकाने माझ्याजवळ बोलून दाखवली होती. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात आलेखासह छापली काय किंवा आलेखाविना छापली काय, गुन्हा तोच.

आणखी एक वापर मात्र विक्रेत्यांच्या हिताचा आहे. लेबल नसलेल्या ‘शुगरच्या पुड्या’ आठवडी बाजारात मिळतात आणि अशा पुड्यांत ग्लायबेनक्लामाइडसारखी औषधे मिसळल्याची उदाहरणे देशात व परदेशांतही तपासणीत आढळली आहेत. एखादा रुग्ण केवळ वनस्पतिज पुडी घेतो असे सांगत असेल आणि सेन्सरवर जेवणानंतरची टोके एकदम नाहीशी होऊन पहाटे वारंवार ७० च्या खाली घसरण दिसत असेल, तर ती पुडी मागवून घ्यावी, जपून ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस द्यावी. माझ्याकडे अशी एक पुडी गेल्या वर्षी आली. रुग्ण ती परत मागत होता, कारण तिने त्याला ‘फार गुण’ आला होता.